सीरम बदामी होईपर्यंत

४ मार्च

चि. बारकीस अ. उ. आ. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, पण त्यातलं घड्याळ मागे पडतं असं तुझ्या भावजींच्या मनाने घेतलंय. त्यांनी तो उघडून टेबलावर पसरून ठेवलाय. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी संसार केला की हे असंच. शिवाय फोनवर तू एकटीच बोलतेस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून मला हेच बरं. तुझी साखर कशी आहे? गोड खरंच सोडलंयस ना?

आता मुद्द्याचं. आमच्या बेकरीच्या म्हाताऱ्या मालकांनी सगळा कारभार सुनेवर सोपवलाय. मालकीणबाई हुशार आहेत, भल्याही आहेत, पण डोक्यात रोज एक नवा किडा वळवळतो. परवा त्यांनी एक मोठी गाडी घेतली. आमचा पाव आता आसपासच्या गावांना जाणार, पार तुझ्या गावापर्यंत. गाडीच्या दोन्ही अंगांना एक ताजातवाना चेहरा रंगवायचा आणि जो चेहरा गाडीवर तोच काउंटरवर, असा त्यांचा बेत आहे. महिनाअखेरीला पेंटर येणार. तोवर मी की ती नवी कॅशियर पोरगी, हे त्या ठरवणार. पोरगी गुणी आहे गं, रागही धरता येत नाही. गाल तर असे, की आत्ताच ओव्हनमधून काढलेत. मला मात्र मालकीणबाई म्हणाल्या की ताई, तुम्ही आत बसून बिस्किटांची पाकिटं भरलीत तर पायांना तेवढाच आराम.

बारकी, मला आराम नको. आतल्या खोलीला खिडकी नाही आणि बिस्किटं बोलत नाहीत. काउंटरवर कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाचं पोर तापाने पडलंय, कोणाचं नवऱ्याशी वाजलंय, हे मला नुसतं कोण किती पाव नेतंय त्यावरून कळतं. तेच गेलं तर संध्याकाळी घरी येऊन मी सांगू काय? मला भीती वाटते गं, आणि ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेली नाही.

तेव्हा तू एक काम कर. औषधांच्या दुकानात जन्म काढलास, मलमं घोटलीस. चेहरा उजळवणारं, म्हातारपण मागे ढकलणारं ते सीरम घरी कसं करतात ते लिहून पाठव. दुकानातल्या बाटलीची किंमत ऐकून मी विचारलं, की यासोबत नवं तोंडही देता का. बाकीच्या सुरकुत्या राहिल्या तरी चालतील, पण भुवयांच्या मधली ती आईची दीड रेघ तेवढी गेली पाहिजे. आठवतं ना, आपण थाप मारली की आईच्या कपाळावर उमटायची? एक उभी लांब आणि शेजारी एक अर्धी. तुला आईचं नाक मिळालं आणि मला ही रेघ. वाटणीतच घोळ झाला.

लोभ आहेच, तो कुठे जातोय. आधी कृती पाठव.
तुझी
ताई

८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि एवढ्याने हसले की खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या आजोबांनी तेच मला घ्यायला सांगितलं. पण मधला तो भीतीचा परिच्छेद वाचून हसू गेलं. काउंटरशिवाय तू म्हणजे काय, याची मला कल्पनाच करता येत नाही. लहानपणीसुद्धा खिडकीतून तू अख्ख्या गल्लीच्या चौकशा करायचीस आणि मला मागून नुसत्या तुझ्या वेण्या दिसायच्या.

तर लिहून घे. तुझ्यासाठी व्हिटॅमिन सीची शुद्ध पावडर, बी-थ्रीची पावडर, ग्लिसरीन आणि गडद काचेच्या बाटल्या पार्सलने पाठवल्या आहेत. प्रत्येक पुडीवर प्रमाण लिहिलंय, ते तू माझ्याहून चोख मोजशील. डिस्टिल्ड वॉटर तिथेच घे, नळाचं नको. आधी पाण्यात पावडरी विरघळव, मग ग्लिसरीन घाल. ढवळून थोडा वेळ तसंच ठेव. आणि रंगावर लक्ष ठेव, रंगावरून सगळं कळतं. तोंडाला फासण्याआधी रोज दिसणार नाही अशा जागी लावून बघ, आग होते का, पुरळ येतं का ते. बाकी तुला काय शिकवायचं? उभा जन्म मापं घेण्यात आणि मिसळण्यात गेला तुझा.

दीड रेघ जाईल असं वचन मात्र देत नाही. खोल रेघ बाटलीने पुसली जात नाही. पण चेहरा थोडा तुकतुकीत दिसेल आणि तुझा जीव थाऱ्यावर येईल. माझी साखर एकदम ताब्यात आहे. गोडाला बोट लावत नाही.

भावजींना नमस्कार आणि फोन जोडायची आठवण. लोभ ठेव, पण मोजूनमापून, पुडीवर लिहिल्यासारखा.
तुझी
बारकी

१३ मार्च

चि. बारकीस अ. उ. आ. वि. वि.

पार्सल पोचलं. भावजींना वाटलं त्यांचे स्प्रिंग आले. त्यांनी ग्लिसरीनचे दोन थेंब एका भिंतीवरच्या घड्याळात घातलेसुद्धा, आणि आता ते घड्याळ ठोकेच द्यायचं थांबलंय. त्यांना म्हटलं, चेहऱ्याला लावायचं आहे. ते म्हणाले, घड्याळाला चेहराच असतो की.

सीरम झकास जमलं. मापं अगदी काट्यावर घेतली. तू थोडा वेळ तसंच ठेव म्हणालीस, म्हणून बाटल्यांत न भरता काचेच्या रुंद वाडग्यात ओतून, वर मलमल घालून बेकरीत ओव्हनवरच्या फळीवर ठेवलंय. पीठ फुगायला आम्ही तिथेच ठेवतो, छान ऊब असते. इथलं काहीही घाईने केलं की बिघडतं हे मी तुला सांगायला नको. सध्या पाण्यासारखं नितळ, म्हणजे कच्चंच आहे. कडेने किंचित लिंबासारखी झाक येतेय. रंगावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवते आहे. बदामी झालं की काढीन.

थोडं पळीभर आधीच काढून तपासूनही पाहिलं. रोज न दिसणारी जागा शोधत होते, तेवढ्यात भावजी जेवून खुर्चीत डुलकी घ्यायला बसले. त्यांच्या टकलाचा मागचा भाग मला रोज दिसतो, पण त्यांना कधीच दिसत नाही, तेव्हा तुझ्या अटीत बसला. बनवर चकाकी आणायचा ब्रश असतो ना, त्याने एक हात फिरवला. चकाकी काही येईना म्हणून थोडं अंड्याचं पांढरं घातलं आणि दुसरा हात दिला. काय झळकायला लागलं म्हणून सांगू! आग नाही, पुरळ नाही. फक्त उठताना खुर्चीची गादी डोक्यासोबत उठली. संध्याकाळी त्यांच्या एका गिऱ्हाइकाने डोक्याला पॉलिश कुठलं करता म्हणून विचारलं. भावजींना अजून पत्ता नाही.

मालकीणबाईंनी आज पोरीला काउंटरवर उभं करून समोरच्या फुटपाथवरून निरखलं. मग मला उभं केलं. मी तोंड भरून हसत राहिले, गाल दुखेपर्यंत.

माया पातळ होऊ देऊ नकोस, सीरम मी घट्ट करते.
तुझी
ताई

१७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

थांब! जिथे असशील तिथे थांब आणि ते वाडगं मोरीत ओत. ओव्हनवरची फळी? ऊब? अगं, उष्णतेने आणि हवेने ते खराब होतं! ते फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, गडद बाटलीत, घट्ट झाकण लावून. रंगावर लक्ष ठेव म्हणाले ते एवढ्यासाठी, की पिवळं पडायला लागलं की फेकून द्यायचं. तू त्याला भाजायला ठेवलंस! चूक माझीच आहे, बेकरीतल्या बाईला रंगावर लक्ष ठेवायला सांगताना मी चार शब्द जास्त लिहायला हवे होते. तू बदामीचीच वाट बघणार, हे मला कळायला नको?

अंड्याबद्दल मी काही बोलत नाही. भावजींच्या डोक्याबद्दल तर मुळीच नाही. कोपराच्या आतली बाजू म्हणून एक जागा असते प्रत्येक माणसाला.

बदामी झालेलं तोंडाला लागलं तर तोंडही त्याच रंगाचं होतं. फोन करते आहे तर आधी घड्याळाचे ठोके ऐकू येतात आणि मग बंद पडतो. भावजींनी नेमकं काय जोडलंय त्यात? कृपा करून हे पत्र वेळेवर पोचू दे.

लोभ नंतर बघू. आधी वाडगं.
तुझी
बारकी

१८ मार्च

चि. बारकीस अ. उ. आ. वि. वि.

काय लिहू? घात झाला.

परवा सीरमला असा सुरेख बदामी रंग आला की बघत राहावं. वासही जरासा खरपूस. मनात म्हटलं, आता पिकलं. सकाळी एक थर, संध्याकाळी एक थर, आणि भुवयांच्या मध्ये तर ब्रशच्या टोकाने चांगलं जिरेपर्यंत भरलं. काल आरशात तोंड जरा सोनेरी दिसलं, मी खूश. आज उठून बघते तर जरदाळू! कान पांढरे, मान पांढरी आणि मध्ये हे जरदाळू. साबण, गरम पाणी, सगळं झालं, ढिम्म हलत नाही.

आणि कहर पुढेच आहे. बाकी तोंडावर रंग एकसारखा चढलाय, पण सुरकुत्यांमध्ये जाऊन साचलाय. जी दीड रेघ पुसायला निघाले होते, ती आता पेन्सिलीने गिरवल्यासारखी ठसठशीत झालीय. भावजींनी डोळ्याला भिंग लावून अगदी जवळून पाहिलं आणि म्हणाले, पितळ असंच काळवंडतं, पॉलिश मारून देऊ का? मग मी रडायलाच लागले. तेव्हा बिचाऱ्यांनी भिंग काढलं आणि चहा करून आणला. साखर विसरले, पण आणला.

मालकीणबाईंचा निरोप आलाय की पेंटरला पुढे दुसरं काम मिळालंय, त्यामुळे तो महिनाअखेरीला नाही, परवाच येतो. परवा! आता मी जाऊन सरळ आतच बसावं हे बरं. पाकिटं भरताना तोंड कोणाला दिसतंय? इतकी वर्षं मी त्या काउंटरला टेकून उभी आहे बारकी, आणि माझ्याच हाताने मी स्वतःला आत ढकललं. तोही बन रंगवायच्या ब्रशने.

तुझ्या लोभाची आज खरंच गरज आहे.
जरदाळू
(तुझी ताई)

२१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. तुझं वाचून आधी कपाळाला हात लावला, मग तुझ्यासोबत रडले आणि मग, माफ कर, जरदाळू शब्दावर हसले.

घाबरू नकोस. डाग वरवरचा आहे, आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप उतरेल. घासू नकोस, लिंबू लावू नकोस, आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे म्हणून सांगते, मैदा फासू नकोस. भावजींना पॉलिशला हात लावू देऊ नकोस.

हे पोचेल तेव्हा पेंटर येऊन गेलेला असेल. काय झालं असेल याचाच विचार करते आहे. काल एकाला तापाच्या गोळ्यांऐवजी दातांची पेस्ट दिली. तुला आत बसवलंच, तर एक ऐक. सरळ माझ्याकडे निघून ये. माझ्या दुकानाला मोठी खिडकी आहे, समोर बसस्टॉप आहे, रिकामं स्टूल आहे. गिऱ्हाइकांच्या घरच्या भानगडी मला विचारायला जमत नाहीत, तू विचार. भावजींनाही आण, इथली सगळी घड्याळं चुकीचीच आहेत. मी थट्टेत म्हणत नाही.

कळव लवकर. जीव टांगणीला लागलाय.
तुझी
बारकी

२३ मार्च

चि. बारकीस अ. उ. आ. वि. वि.

मैदा फासलाच. तुझं पत्र आलं तोवर फासून, पडून, सगळं होऊन गेलं होतं. आता नीट ऐक.

त्या दिवशी पेंटर रस्त्याच्या पलीकडे स्टूल टाकून बसला. हातात मोठी वही. मालकीणबाईंचं फर्मान होतं की दोघींनी आळीपाळीने काउंटरवर उभं राहायचं, तो दोघींचे चेहरे काढणार. पोरगी आधी उभी राहिली. गोडच दिसली. मग मी गेले, मैद्याने पांढरीफटक, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. पोरगी मागून कानात कुजबुजली की ताई, टोपी वर घ्या, डोळे दिसू देत. मनात म्हटलं, बघ, आपण हिच्यावर जळतोय आणि ही आपली टोपी सारखी करतेय. टोपी वर केली आणि नेमकी मला शिंक आली. अशी शिंक, की मैद्याचा ढग उठला आणि खालून जरदाळू बाहेर!

मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कोपऱ्यावरचे टेलर तणतणत आले. अर्धा खाल्लेला पाव काउंटरवर आपटून म्हणाले, सकाळी तुमच्याकडून नेला, शिळा निघाला, दुसरा द्या. मी पाव उचलून उलटा केला. आमच्या पावाच्या बुडाला साच्याची जाळी उमटते, याचं बूड गुळगुळीत. रंगलेलं तोंड, कोण बोलणार? नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. बारकी, मला माहीत नव्हतं मी कशी बघते ते. टेलर आधी पावाकडे बघायला लागले, मग चपलांकडे, आणि मग म्हणाले की दुसऱ्या दुकानातला आहे, परवाचा आहे, चुकलं माझं. वर आमचे दोन ताजे पाव विकत घेऊन गेले.

पेंटरने वही मिटली आणि रस्ता ओलांडून आला. म्हणाला, रस्त्यापलीकडून मला पोरीचे गाल दिसत नाहीत, पण बाईंच्या कपाळावरची ती रेघ इथून तिथवर दिसते. चालत्या गाडीवर लांबून वाचता येईल असं तेवढंच आहे. मालकीणबाई शेवटी म्हणाल्या की ताजेपणा काय, कोणीही हसून दाखवेल, पण या बाईने पाव ताजा आहे म्हटलं तर तो ताजाच असणार. पोरीने टाळ्या वाजवल्या. मी मैद्यातच रडले, म्हणजे तोंडावर कणीक मळली गेली असं समज.

तर मी काउंटरवर आहे. पोरगी शेजारी आहे, तिला मी कोण काय नेतं ते शिकवते आहे. पेंटरने रंगसुद्धा माझ्या तोंडाचाच घेतला, म्हणाला, पावाला हाच शोभतो. रेघ तर त्याने अशी काढलीय की भावजी गाडीसमोर उभे राहिले आणि नकळत खिशातला उघडा फोन काढून म्हणाले, जोडतो, आजच जोडतो.

तुझ्या स्टुलाचं पत्र मात्र उशीखाली ठेवलंय. तसं कोणी बोलावणारं असलं की माणूस काउंटरवरही जरा ऐटीत उभं राहतं. लोभ दुप्पट कर, पावाबरोबर देतात तसा वर एक फुकट.
तुझी
ताई

१० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी गाडी काल आमच्या गावात आली. सांगते, पण कोणाला वाचून दाखवू नकोस.

दुकान बंद करून घरी निघाले होते. वाटेत ते केकचं दुकान लागतं. लागतं म्हणजे, मी त्याच रस्त्याने जाते. नेहमीचा क्रीमचा तुकडा घेतला, वर चेरी असलेला. नेहमीचा या शब्दावर अडखळू नकोस, पुढे वाच. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि कोपऱ्यावरून गाडी वळली. दरवाज्याएवढा चेहरा, खमंग भाजलेल्या पावाच्या रंगाचा. हसत होता, पण भुवयांच्या मध्ये एक उभी लांब रेघ आणि शेजारी एक अर्धी. समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसांसाठी गाडी थांबली, आणि तो चेहरा थेट माझ्याकडे बघत राहिला.

ताई, ती तू नव्हतीस गं. तुझं नाक वेगळं, तुझी हनुवटी वेगळी, सगळं तुझंच, आणि तरी ती तू नव्हतीस. मी तुकडा तसाच काउंटरवर परत ठेवला, ओठ पुसले आणि कोणी पाठीत बोट खुपसावं तशी पाठ ताठ केली. दुकानदार घाबरून विचारायला लागला की काही खराब लागलं का, काय झालं. तोंडातून निघून गेलं की काही नाही, आई आली.

गाडी गेल्यावरही बराच वेळ उभी होते. हसू आणि रडू दोन्ही एकदम येत होतं. घरी येऊन माझ्याजवळची सगळी पावडर मोरीत ओतली. तू पुन्हा मागितलीस तरी मी देणार नाही. ती रेघ पुसायची बाटली जगात कोणी केलीच, तर मी आधी त्या माणसाचं दुकान बंद पाडीन.

आता एवढंच कर. गाडी या बाजूला कोणत्या वारी येते ते कळव, म्हणजे त्या दिवशी मी दुसऱ्या रस्त्याने घरी जाईन. आणि कळवलं नाहीस तरी चालेल. तिथेच उभी राहीन, रिकाम्या हाताने, पाठ सरळ करून.

लोभ कर, पण जरा नजर सौम्य ठेवून.
तुझी
बारकी